फक्त एकच टेकडी राहिलीय!

शिरूरमध्ये राहून ट्रेकिंगच्या गप्पा मारायच्या म्हणजे वाळवंटात बसून होडीला रंग देण्यासारखं आहे. चहूकडे सपाट! घोड नदीचं पात्र, ऊस, कांदा, नगर रोडवरची कंटेनरची रांग आणि पलीकडे रांजणगाव एमआयडीसीच्या शेड्स. आमच्या प्लँटमधली निम्मी पब्लिक पुण्याहून कंपनीच्या बसने येते. सोमवारी सकाळी चहाच्या मशीनपाशी त्यांचं सुरू होतं, ‘काल राजगड केला’, ‘आम्ही तोरणा मारला’. आणि मी, शिरूरचा भूमिपुत्र, कप हातात धरून फक्त ‘सही यार’ म्हणतो.

याच कॉम्प्लेक्समधून दोन वर्षांपूर्वी मी एक गाढवपणा केला. आजचा कॉलम त्याबद्दल आहे. म्हणजे खरं तर तो गाढवपणा पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही काय केलं, त्याबद्दल.

कात्रज ते सिंहगड हे तुम्हाला माहीत असेलच. जुन्या कात्रज बोगद्याजवळच्या वाघजाई मंदिरापासून निघायचं आणि डोंगराच्या माथ्यामाथ्याने एकेक टेकडी चढत-उतरत सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागायचं. तेरा टेकड्या, असं सगळेच सांगतात. पौर्णिमेच्या रात्री करायचं, चांदणं, गाणी, फोटो... एकदम फिल्मी. मी ऑफिसमधल्या सहा जणांना गोळा केलं. प्लॅनिंग काय केलं? व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आणि ग्रुपला नाव दिलं. झालं प्लॅनिंग!

त्या सहांत आमचा दौंडकर होता. त्याचं आडनाव वेगळंच आहे, पण दौंडचा म्हणून दौंडकर. मेन्टेनन्समधला, अंगाने भक्कम, स्वभावाने भिडस्त. फर्स्ट शिफ्ट करून, न झोपता, तो थेट कात्रजला आला. मार्च महिना. सूर्यास्त बघायचा म्हणून आम्ही चार वाजताच चढायला लागलो होतो. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी. वाटेत पाणी मिळत नाही हे मी कुठेतरी वाचलं होतं, पण वाचणं आणि कळणं यात फरक असतो ना!

सातव्या-आठव्या टेकडीवर त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मग त्याला उलटी झाली. तो म्हणाला, ‘ठीक आहे, चला.’ मी म्हणालो, ‘अरे, फक्त एकच टेकडी राहिलीय!’ हे वाक्य मी त्या रात्री चार वेळा म्हणालो. चारही वेळा ते खोटं होतं, आणि चारही वेळा मला ते माहीत होतं.

शेवटी तो बसला तो उठेचना. मग खाली हायवेचे दिवे दिसत होते त्या दिशेने आम्ही एका सोंडेवरून उतरायला लागलो. ती सोंड कड्यावर संपली. परत वर चढलो, दुसरी धरली. काटे, घसारा, दोनच बॅटऱ्या. साडेतीन तासांनी एका वस्तीवर पोहोचलो. तिथल्या आजींनी न विचारता तांब्याभर पाण्यात मीठ-साखर घालून दिलं आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी दौंडकरला सलाइन लावावं लागलं.

तो माझ्यावर कधी चिडला नाही. तेच जास्त वाईट होतं. फक्त त्यानंतर कुठल्याही ट्रेकला ‘बघू रे’ म्हणायला लागला. मी दौंडला त्याच्या घरी गेलो तेव्हा काकूंनी चहा दिला, लाडू दिला आणि मग शांतपणे विचारलं, ‘बाळा, पाणी मोजून नेलं होतं का रे तुम्ही?’ त्याचे वडील रेल्वेतून लोको पायलट म्हणून रिटायर झालेले. ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, ‘गाडी पळवायला कोणीही शिकतं. थांबवायची कुठे, हे आधी ठरवावं लागतं.’

लाडू घशात अडकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मग गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कँटीनमध्ये दौंडकर स्वतःहूनच म्हणाला, ‘मला एक डोंगर करायचाय.’ मी चमचा खाली ठेवला. तो म्हणाला, ‘कॉलेजला असताना रोज दौंडहून रेल्वेने पुण्याला जायचो. केडगाव, खुटबाव, यवत... डावीकडे कायम एक डोंगररांग बरोबर असायची. चार वर्षं खिडकीतून बघितली, पण पाय नाही ठेवला. प्लॅन मात्र नीट करायचा.’ शेवटचं वाक्य तो माझ्याकडे न बघता बोलला.

ही रांग म्हणजे भुलेश्वरची रांग. सिंहगडापासून पूर्वेकडे निघालेली सह्याद्रीची ही फांदी दिवे घाटावरून पुढे जात यवतच्या दक्षिणेला भुलेश्वरपर्यंत येते आणि मग हळूहळू पठारात विरते. उत्तरेचं पाणी मुळा-मुठा, भीमेला आणि दक्षिणेचं कऱ्हेला. म्हणजे आमच्या कात्रज-सिंहगडच्या टेकड्याही याच रांगेचा पश्चिमेकडचा भाग! गंमत म्हणजे आषाढात दोन्ही पालख्या दक्षिणेला जाताना हे डोंगर ओलांडतात. ज्ञानोबांची पालखी दिवे घाटातून सासवडला चढते. तुकोबांची यवत, वरवंड करत पुढे दौंड तालुक्यातल्या रोटी घाटातून जाते. लाखो लोक हे डोंगर आडवे ओलांडतात. आम्हाला ते उभे, म्हणजे माथ्यामाथ्याने चालायचे होते.

आणि माथ्यावर काय काय आहे बघा. दिवे घाटाजवळ सोनोरीचा मल्हारगड, १७५७ ते १७६० च्या दरम्यान पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी बांधलेला, मराठेशाहीतला शेवटच्या काळातला किल्ला. पुढे धवळगड. आणि टोकाला भुलेश्वर, म्हणजेच दौलतमंगळ, आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने यादवकालीन देवळाभोवती उभा केलेला किल्ला. तीन किल्ले एका दोरीत ओवलेले, आणि मी रोज त्यांच्याकडे पाठ करून चहाच्या मशीनपाशी रडत होतो!

प्लॅनिंगला तिसरी मेंबर आली ती आमची क्वालिटी मॅडम. क्वालिटी डिपार्टमेंटमधली, वय सत्तावीस, चेकलिस्टशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. तीन संध्याकाळी आम्ही कँटीनच्या टेबलावर नकाशा पसरून बसलो. त्यातून जे शिकलो ते तुमच्यासाठी.

फंडा नंबर एक : नकाशा वाचा, फोटो नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे २०१७ पासून ऑनलाइन मोफत मिळतात. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यावर तपकिरी रेषा असतात, त्या समोच्चरेषा. दोन रेषांमधला उंचीचा फरक २० मीटर. रेषा जवळजवळ आल्या की चढ खडा, लांब गेल्या की पठार. रेषांची टोकं उताराच्या दिशेने बाहेर आली असतील तर ती सोंड, चढाच्या दिशेने आत शिरली असतील तर ती घळ. एवढं एक मला त्या रात्री माहीत असतं तर!

पण इथे आपल्या डोंगरांची एक गोची आहे. दख्खनचे डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. त्यामुळे ते जिन्यासारखे असतात. सपाट, मग एकदम कातळकडा, पुन्हा सपाट. आता २० मीटरच्या दोन रेषांच्या मध्ये १५ मीटरचा कडा आरामात लपतो. म्हणजे पाच मजली बिल्डिंग नकाशावर दिसतच नाही! म्हणून नकाशा झाल्यावर गावात जाऊन गुरं राखणाऱ्याला विचारायचं. ‘इथून खाली म्हशी उतरतात का?’ हा लाखमोलाचा प्रश्न. शेळी कुठूनही उतरते, म्हैस उतरत असेल तर आपणही उतरू. आनंद पाळंदेंचं ‘डोंगरयात्रा’ कोणाच्या कपाटात असेल तर मागून आणा, तेही कामाला येतं.

फंडा नंबर दोन : वेळेचं गणित. आमचा एक सहकारी सध्या स्कॉटलंडमध्ये आहे. तिथल्या पब्लिकला डोंगरांचं भयंकर वेड. तीन हजार फुटांवरच्या शिखरांना तिथे ‘मन्रो’ म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये त्यांची यादी केली म्हणून. आजच्या यादीत २८२ आहेत आणि लोक आयुष्यभर त्यावर टिकमार्क करत फिरतात. त्यांचं सगळ्यात उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर. आपला तोरणा १४०३ मीटर! (मी हे त्याला लगेच मेसेज केलं. तो म्हणाला, ‘हो, पण इथे जवळजवळ समुद्रसपाटीपासून चढायला सुरुवात करावी लागते.’ गप्प बसलो.)

त्याने एक कामाची गोष्ट सांगितली. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम मांडला. आजच्या भाषेत तो असा : दर ५ किलोमीटरला एक तास आणि त्यावर चढाच्या दर १० मीटरला एक मिनिट. समजा तुमचा रूट १५ किलोमीटर आहे आणि सगळे चढ मिळून ६०० मीटर. तर तीन तास अधिक एक तास, एकूण चार तास. पण हे तिथल्या थंडीत चालणाऱ्या काटक माणसाचं गणित. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते दीडपट करायचं, म्हणजे सहा. वर जेवण, फोटो, ‘थांब बुटात खडा गेलाय’ यासाठी एक तास. एकूण सात. सात वाजता निघालात तर दोन वाजतात. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, म्हणजे हातात चार तास. हे चार तास खर्च करायचे नसतात, ते इमर्जन्सी फंडसारखे बाजूला ठेवायचे असतात.

फंडा नंबर तीन : पाणी. नकाशात निळी रेघ दिसली म्हणजे पाणी आहे असं नाही. शिरूर-दौंडचा पट्टा पर्जन्यछायेतला. आमच्याकडचे ओढे दिवाळीनंतर फक्त नावाला ओढे असतात. त्यामुळे माणशी चार लिटर. म्हणजे पाठीवर चार किलो. होय, जड होतं. सलाइनची बाटली त्याहून जड असते. ओआरएसची पाकिटं घ्या. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. वस्तीवरच्या त्या आजींना हे कोणी शिकवलं असेल, मला अजून प्रश्न पडतो.

फंडा नंबर चार : उतरायच्या जागा. शिखरांवर गोल करण्याआधी खिंडींवर लाल फुल्या मारा. प्रत्येक दोन टेकड्यांच्या मध्ये ‘इथून बाद झालो तर कुठे?’ याचं उत्तर हवं. आमच्या रांगेच्या उत्तरेला उरुळी कांचन, यवत, रेल्वे आणि सोलापूर हायवे. दक्षिणेला आंबळे, माळशिरस अशी पुरंदरची गावं. प्रत्येक फुलीपाशी आम्ही गावाचं नाव लिहिलं आणि त्या कागदाचा एक फोटो काकांना पाठवला. सहा वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला फोन करायचा, हेही त्यावर लिहिलं. काकांचा रिप्लाय आला, ‘ओके. वेळापत्रक मिळाले.’ रेल्वेवाला माणूस!

आता फंडा नंबर पाच. हा क्वालिटी मॅडमचा. ऑटो इंडस्ट्रीतल्या मंडळींना एफएमईए माहीत असेल. काय बिघडू शकतं याची यादी करायची. प्रत्येक बिघाडाला तीन आकडे द्यायचे, एक ते दहा. परिणाम किती गंभीर, घडण्याची शक्यता किती, आणि वेळेत लक्षात येणं किती अवघड. तिन्हींचा गुणाकार जितका मोठा तितकी ती गोष्ट आधी सोडवायची.

तिने यादी केली. पाणी संपणं : ९ गुणिले ५ गुणिले २, नव्वद. बाटली दिसते ना, म्हणून कळायला सोपं. वाट चुकणं : ७ गुणिले ६ गुणिले ४, एकशे अडुसष्ट. मग ती थांबली, दौंडकरकडे बघितलं आणि लिहिलं : ‘त्रास होत असून न सांगणं’. गंभीर ९. शक्यता ६. लक्षात येणं... तिने १० लिहिलं. पाचशे चाळीस.

टेबलावर कोणीच बोललं नाही. दौंडकर कागदाची कड दुमडत म्हणाला, ‘सांगितलं असतं, पण सगळ्यांचा प्लॅन बिघडला असता ना.’ मी म्हणालो, ‘मला दिसत होतं. मी बघितलं नाही.’ एवढंच. दोन वर्षं राहिलेलं बोलणं दोन वाक्यांत आटपलं.

त्यावरचा उपाय मॅडमने असा काढला. दर तासाला थांबायचं आणि प्रत्येकाने दहापैकी आकडा सांगायचा. ‘ठीक आहे’ चालणार नाही, आकडाच. कोणाचाही सातच्या खाली आला की पुढच्या लाल फुलीवरून सगळे खाली. मतदान नाही, चर्चा नाही, कारण विचारायचं नाही. आणि एक वाजेपर्यंत शेवटची खिंड गाठली नाही तरी खालीच.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे मी शिरूरहून निघालो. मॅडम आदल्या रात्रीच शिरूरला तिच्या मावशीकडे आली होती. न्हावरा, पारगावला भीमेवरचा पूल, धुकं, उसाच्या ट्रॉल्या. चौफुल्याला दौंडकरला घेतलं. गाडी यवतला ठेवली, तिथून ठरवलेल्या जीपने उरुळी कांचनमार्गे शिंदवणे घाटात. पूर्ण रांग एका दिवसात करायचा मोह नकाशानेच मोडला होता. शिंदवणे घाट ते भुलेश्वर, वाटेत धवळगड, एवढंच.

सकाळ काय सांगू! उत्तरेला सगळा दौंड तालुका खाली पसरलेला, उसाची हिरवी चौकटं, मध्येच एक रेल्वे काडीएवढी. दौंडकर उभा राहून बघत होता. म्हणाला, ‘चार वर्षं मी तिथून इकडे बघत होतो.’ धवळगडावर धवळेश्वराच्या देवळात आम्ही पराठे खाल्ले. आकडे : नऊ, नऊ, आठ. सगळं कसं वेळापत्रकाप्रमाणे.

मग पुढे आम्ही एका कड्यावर अडकलो. तोच, नकाशात न दिसणारा! वळसा घालून वर येईपर्यंत सव्वा तास गेला. उन्हाने गवत पिवळं चमकत होतं, सॉक्समध्ये कुसळं, पायाखाली मुरूम सटकतोय. शेवटच्या खिंडीत पोहोचलो तेव्हा एक चाळीस. समोर भुलेश्वरचा डोंगर दिसत होता. मधे फारतर एक टेकडी. खरंच एकच टेकडी.

मॅडमने आकडा विचारला. ती आठ. मी आठ. दौंडकर थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, ‘सहा. उजव्या पोटरीत गोळा येतोय.’

शपथेवर सांगतो, ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. अक्षर न अक्षर. आणि या वेळी तर ते खरं होतं! पाणी होतं, उजेड होता, देऊळ समोर दिसत होतं. दौंडकर माझ्याकडे बघत होता. विनवणी नव्हती त्यात, चिडही नव्हती. तो फक्त बघत होता की मी आता काय म्हणतो.

मी कागद काढला. लाल फुली, शेजारी गावाचं नाव. म्हणालो, ‘उतरू.’

पाऊण तासात खालच्या रस्त्याला लागलो. म्हशींचीच वाट होती, मस्त रुळलेली. एका कांद्याच्या टेम्पोवाल्याने लिफ्ट दिली आणि गोण्यांवर बसून आम्ही भुलेश्वरला पोहोचलो. ट्रेकर म्हणून नाही, कांदा म्हणून! बाहेरून घुमटासारखे कळस असलेलं देऊळ. आत शिरलं की काळ्या दगडाचा गारवा आणि अंधाराला डोळे सरावले की भिंतभर मूर्ती. स्त्रीरूपातला गणपती तिथे आहे, तो मॅडमने शोधून काढला. दौंडकर एका खांबाला टेकून पाय पसरून बसला आणि ओआरएस प्यायला. चार वाजता त्याने घरी फोन लावला. ‘बाबा, गाडी यार्डात लागली.’ पलीकडून काका काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण दौंडकर हसला.

सोमवारी चहाच्या मशीनपाशी कोणीतरी विचारलं, ‘काय मग, झाला का रूट पूर्ण?’ मी म्हणालो, ‘नाही. एक टेकडी राहिली.’ आणि पहिल्यांदाच असं म्हणताना मला कॉम्प्लेक्स आला नाही.

संध्याकाळी दौंडकरचा मेसेज आला. नकाशाचा फोटो, त्यावर लाल फुलीपासून भुलेश्वरपर्यंत पेनाने काढलेली छोटीशी रेघ. खाली लिहिलं होतं : ‘उरलेली टेकडी कधी? आई विचारतेय, पाणी किती लिटर भरू.’